घरगुती हस्तकला : फावल्या वेळाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय दिला तो 'घरच्या घरी करण्याजोग्या हस्तकला' हा. पगारवाढ, बोनस आणि संप यांवर बोलणाऱ्या माणसाला सुईदोऱ्याचा विषय कसा काय दिला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आम्हाला मात्र हा विषय परका वाटला नाही. फावल्या वेळात काय करावे, हा प्रश्न पडण्यासाठी आधी फावला वेळ असावा लागतो. आणि तो मिळवण्याचा उद्योग आमच्या पंथाचे लोक शंभराहून अधिक वर्षे करीत आले आहेत. तेव्हा मिळवलेल्या वेळाचे लोक काय करतात, याची चौकशी करण्याचा थोडासा हक्क आम्हाला पोचतो.

मुंबईत गिरण्या सुरू झाल्या त्या १८५० नंतरच्या दशकात. त्या काळी गिरणीचा दिवस म्हणजे सूर्याचा दिवस. उजाडले की भोंगा आणि मावळले की सुटका. उन्हाळ्यात सूर्य अधिक राबतो म्हणून माणूसही अधिक राबे. पुढे विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्याचीही गरज उरली नाही आणि दिवस आणखी लांबला. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जे मागणीपत्र तयार केले, त्यात रविवारची सुट्टी ही मुख्य मागणी होती. सहा वर्षे ती मागणी लोंबकळत राहिली. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पंचांगात रविवार पूर्वीपासून होता, पण तो कामगाराचा झाला त्या दिवशी.

पुढचे तास एकेक करून सोडवून घ्यावे लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा झाला, १९२२ साली अकरा तासांचा, १९३४ साली दहा तासांचा. १९४६ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, ही घोषणा इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने १८१७ च्या सुमारास दिली होती. ती आपल्या कायद्यात उतरायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांतले पहिले आठ तास मालकाचे, दुसरे आठ निद्रादेवीचे. तिसऱ्या आठांत प्रवास, बाजार, दवाखाना आणि पाहुणे वजा जाता जे उरते त्यावर आज बोलायचे आहे.

हे बोलताना घरातील स्त्रीला वगळून चालणार नाही. १८९० साली गिरणी कामगाराला रविवार मिळाला, पण त्याच्या बायकोला तो मिळाला नाही. नवरा घरी, मुले घरी, म्हणून रविवारी तिचे काम वाढले. ती स्वतः गिरणीत त्रासणखात्यात जात असेल, तर सहा दिवस दोन पाळ्या आणि सातव्या दिवशी एक, असा तिचा आठवडा. तेव्हा छंदांची यादी हाती घेऊन घरी जाणाऱ्या पुरुषमंडळींना आमची पहिली सूचना अशी, की आपण लाकूड तासायला बसणार असाल तर भुसा आपणच झाडायचा आहे. नवऱ्याच्या छंदाने बायकोचा तास खाल्ला, तर घरात एकूण फावला वेळ वाढला असे म्हणता येत नाही.

आता हातांकडे वळू. गिरणीने माणसाला मजुरी दिली, पण त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेतली. अॅडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे जे वर्णन लिहिले ते प्रसिद्धच आहे. टाचणीचे काम अठरा तुकड्यांत वाटले, तर दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. हिशेब खराच आहे. पण त्या दहांपैकी एकालाही 'ही टाचणी मी केली' असे म्हणता येत नाही. एकजण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तोडतो. गिरणीत तेच. कापूस फोडणारा धोटा पाहत नाही आणि विणणारा पिंजण पाहत नाही. मुंबईतला १९२८ सालचा सहा महिन्यांचा संप ज्या कारणांवरून झाला, त्यांत दोनाऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती हे एक ठळक कारण होते. तीन मागांवर धावणाऱ्या माणसाचे डोळे फक्त तुटलेला धागा शोधत असतात. कापड चांगले झाले की वाईट, हे पाहायला त्याला उसंत नसते. आजच्या कचेरीतला तरुण पडद्यावरचे आकडे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेतो, त्याचीही अवस्था काही निराळी नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आज आपण काय केले, हे त्याला मुलाला दाखवता येत नाही. मग तो आणखी एक पडदा हातात घेतो आणि दहा बोटांपैकी एका अंगठ्याला काम देतो.

पहिल्यापासून शेवटापर्यंत एखादी वस्तू आपल्या हाताने करावी, ती चांगली झाली तर श्रेय आपले आणि बिघडली तर दोषही आपला, एवढ्या अर्थानेच आम्ही हस्तकलेची शिफारस करतो. मन रमते, रक्तदाब उतरतो वगैरे फायदे सांगणारे पुष्कळ आहेत. ते त्यांनी सांगावेत.

पहिली वस्तू गोधडी. सातारा-कोल्हापूरकडची मंडळी तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी म्हणतात, आणि बंगालची कांथा ही तिची मोठ्या घरी दिलेली बहीण. सामान घरातलेच : जुनी धोतरे, लुगडी, चादरी, शर्ट. अट एक, कापड सुती हवे आणि धुऊन धुऊन मऊ झालेले हवे. टेरिलीन आणि नायलॉनच्या साड्या या कामी घेऊ नयेत. सुई घसरते, थर एकमेकांना धरत नाहीत आणि घाम टिपला जात नाही. विकत फक्त जाड सुती दोरा आणि लांब सुई आणायची. त्याहून अधिक खर्च झाला तर गोधडीचा मूळ हेतूच हुकला असे समजावे.

सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी गोधडी धरू. तळाचे कापड जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर वजने ठेवावीत; वरवंटा, भरलेला तांब्या, काहीही चालते. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे तीन-चार थरांत लावत जावे. इथे एक युक्ती आहे. खालच्या थरात जिथे दोन तुकड्यांचा सांधा आला, तिथेच वरच्या थराचा सांधा येऊ देऊ नये. गवंडी विटांचे सांधे चुकवतो, तेच हे शास्त्र. सांध्यावर सांधा आला की त्या जागी पहिल्या दोन पावसाळ्यांतच भोक पडते. शर्टाच्या कॉलरपट्ट्या आणि जाड शिवणी आधी कापून टाकाव्यात, नाहीतर त्या झोपणाऱ्याच्या पाठीला आयुष्यभर टोचत राहतात. सगळ्यावर वरचे कापड घालून उभे, आडवे आणि तिरपे असे लांब कच्चे टाके टाकावेत. पुष्कळ लोक ही पायरी कंटाळून गाळतात आणि मग गोधडी मधोमध पुरीसारखी फुगते.

कारण असे, की आपल्याकडची गोधडी कडेकडून आत शिवत नेतात. तळाच्या कापडाची कड वर दुमडून एका कोपऱ्यापासून साधा धावदोरा सुरू करायचा, चारी बाजू फिरून यायचे आणि मग अर्धा इंच आत सरकून पुन्हा चारी बाजू. अशा चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत पोचायचे. शिवणारी बाई गोधडीवरच बसते आणि चौकोनाबरोबर तीही आत आत सरकते. कड प्रथम बंद झाल्यामुळे आतले तुकडे बाहेर पळत नाहीत, पण सैल कापड मध्याकडे ढकलले जाते. त्याला अडवायला कच्चे टाके. दोरा हातभर, फार तर दीड हात घ्यावा. लांब दोऱ्याने सुई ओवण्याचा वेळ वाचतो खरा, पण तो पिळतो, गाठी मारतो आणि वाचवलेला वेळ व्याजासकट परत घेतो. गाठ वर दिसू न देता थरांच्या पोटात ओढून घ्यावी. चार-पाच टाके सुईवर चढवून मग एकदम दोरा ओढावा. एकेक टाका ओढणाऱ्याची गोधडी पुढच्या थंडीपर्यंतही पुरी होत नाही.

आता आमच्या धंद्याच्या सवयीप्रमाणे थोडा हिशेब करू. ७२ इंच गुणिले ६० इंच म्हणजे ४,३२० चौरस इंच. दर अर्ध्या इंचावर एक ओळ, म्हणजे सगळ्या ओळी सरळ मांडल्या तर ८,६४० इंच, अर्थात ७२० फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर २५,९२० टाके. सरावलेला हात मिनिटाला बारा टाके टाकतो असे समजू. २,१६० मिनिटे झाली. छत्तीस तास! यात कपडे उसवणे, थर लावणे, कच्चे टाके, सुई ओवणे आणि मान अवघडली म्हणून उठणे हे धरलेलेच नाही. आठ तासांचा दिवस मानला तर साडेचार दिवसांचा रोज झाला. रोज पाचशे रुपये धरा, कमी वाटत असेल तर अधिक धरा. नुसत्या शिवणीचे २,२५० रुपये होतात. आणि गोधड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दारी आलेल्या बाईला आपण काय म्हणतो? "जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?"

गोधडी शिवायला आम्ही जे सुचवतो त्याचे निम्मे कारण इथे आहे. एकदा स्वतःच्या बोटाला सुई टोचून घेत सातशे वीस फूट शिवण घातलेला माणूस पुन्हा कोणत्याही हातकामाची किंमत तशी करीत नाही. त्याला तासाचे माप कळलेले असते. ते माप कारखाना कायद्याची कलमे पाठ करून कळत नाही. आम्ही दोन्ही करून पाहिले आहे. एक जास्तीची सूचना पुरुषांसाठी. शिवण हे बायकांचे काम, असे म्हणणाऱ्यांनी शिंप्याच्या दुकानात डोकावून पाहावे. जिथे मजुरी मिळते तिथे सुई पुरुषाच्या हातात आणि जिथे मिळत नाही तिथे ती बाईच्या हातात, असा हा शास्त्रार्थ आहे.

दुसरी कला पुस्तकबांधणीची. ही आमच्या विशेष प्रेमातली. ज्याचे शिक्षण शाळेऐवजी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांवर झाले, त्याला पाने सुटलेली पुस्तके फार भेटतात, आणि सुटलेल्या पानांतले नेमके हवे ते पान हरवलेले असते. म्हणून बांधायला शिकणे भागच पडले.

छापखान्यात मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे आठ पत्रे. असे फर्मे एकावर एक ठेवून त्यांच्या घडीतून दोरा ओवला की ती जुजबांधणी. असे पुस्तक पाठीवर सपाट उघडते. आजकालची पुष्कळ पुस्तके मात्र पाठ कापून नुसती चिकटवलेली असतात. दोनदा उघडली की पाने पत्त्यांसारखी हातात येतात. अशा पुस्तकाला घडीच नसते, तेव्हा बाजूने भोके पाडून आरपार शिवण्यावाचून इलाज नाही. ते टिकते, पण उघडायला कडक होते. विद्यार्थ्याला ते पाटावर पसरून, दोन्ही हात मोकळे ठेवून लिहिता येत नाही. प्रकाशकांनी बांधणीत चार पैसे वाचवले ते असे वाचकाच्या अंगठ्यावर बसतात.

जुने जुजबांधणीचे पुस्तक दुरुस्त करायचे तर प्रथम पुठ्ठे सोडवावेत आणि पाठीवरचा जुना सरस ओल्या फडक्याने भिजवून हळूहळू खरवडावा. फर्मे सुटे करावेत. प्रत्येक फर्म्याचे सर्वांत बाहेरचे पत्र घडीवर फाटलेले असते. तिथे पातळ, चिवट कागदाची पट्टी खळीने चिकटवावी. मग सगळे फर्मे ठोकून सारखे करून पाठीवर चार-पाच ठिकाणी खुणा कराव्यात आणि तिथे दाभणाने भोके पाडावीत. दोऱ्यावर मेण ओढून घ्यावे. मेणाने दोरा कागद कापत नाही आणि गाठही सुटत नाही. पहिला फर्मा शिवून दोरा दुसऱ्यात न्यावा आणि प्रत्येक टोकाला खालच्या फर्म्याशी गाठ मारीत वर जावे. शिवून झाल्यावर पाठीला खळ, त्यावर जुन्या धोतराची पट्टी दोन्ही बाजूंना इंचभर बाहेर राहील अशी, आणि वर पाटा किंवा जड ट्रंक ठेवून रात्रभर विसरून जावे. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे, अस्तराचा कागद आणि पाठीचे कापड.

खळ घरी करावी. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहता कालवून मग एकंदर पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवावी आणि फडक्यातून गाळावी. बांधणीची दुकाने कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकीत आली. ते विष आहे, घरात मुले असताना ते करू नये. त्यापेक्षा दोन दिवसांपुरती खळ करावी आणि उरली तर फेकावी. दुसरी एक बारीक गोष्ट. कागदाला आणि पुठ्ठ्याला लाकडासारखी रेषा असते. एका बाजूने तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. ज्या रेषेवर तो सहज वाकतो ती रेषा पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवावी. उलट लावला तर खळ वाळताच पुठ्ठा पापडासारखा वळतो आणि मग कितीही वजने ठेवा, सरळ होत नाही.

ज्यांना घरात पुस्तके थोडी आहेत अशी सबब आहे, त्यांनी जवळच्या वाचनालयात जाऊन विचारावे. आमच्या अनुभवात कोणत्याही वाचनालयाने 'आमच्याकडे फाटके पुस्तक नाही' असे उत्तर दिलेले नाही.

तकलीवर थोडक्यात बोलतो. तिच्यावर थोरांनी इतके सांगितले आहे, की आमच्या सांगण्याची गरज नाही. गांधीजींनी १९२५ साली चरखा संघ काढला, येरवड्याच्या तुरुंगात पेटीत मावणारा चरखा घडवला आणि १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मुलांचे शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे असे मांडले. पेळू, तकली आणि बशीएवढी जागा, इतके भांडवल पुरते. आम्ही फक्त एक आकडा देतो. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबरचे सूत म्हणजे पौंडाला १६,८०० वार. तकलीवर तासाला शंभर वार काढता आले, तर एक पौंड सुताला १६८ तास लागतील. आठवड्यात तासही नेमके १६८ असतात, झोप धरून. ज्या घरात मुलांनी पंधरा दिवस तकली फिरवली आहे, त्या घरात जुना सदरा सहजासहजी फेकला जात नाही, असे आम्ही पाहिले आहे. मात्र यंत्र मोडून तकली आणावी असे आमचे म्हणणे नाही. यंत्राने १६८ तास वाचवले ही चांगलीच गोष्ट झाली. आमचे भांडण त्या वाचलेल्या तासांचे धनी कोण, यावरून आहे.

दुकानात छंदाच्या तयार पेट्या मिळतात. सगळे कापून, मोजून, क्रमांक घालून दिलेले. आपण फक्त चिकटवायचे. आम्हाला हा प्रकार पटत नाही. तो टाचणीच्या कारखान्यातला अठरावा हिस्सा, पैसे देऊन घरी आणलेला.

हस्तकलेबद्दल बोलताना आपल्या समाजापुरती एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंग्लंडात विल्यम मॉरिस हा सधन घरचा कवी. त्याने १८७९ साली आपल्या निजायच्या खोलीत माग उभारला आणि रोज पहाटेपासून विणून पाचशेहून अधिक तासांत एक चित्रपट विणला. लोकांनी त्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. तो पुढे समाजवादी झाला, हेही योग्यच झाले. पण आपल्याकडे माग म्हटला की साळी-कोष्टी, बांबू म्हटला की बुरूड, चामडे म्हटले की चांभार आणि ढोर. कला जन्माने चिकटवली आणि त्याच कलेसाठी माणसाला गावाच्या कडेला किंवा बाहेर बसवले. आज एखादा सुखवस्तू गृहस्थ हौसेने चामड्याचे पाकीट शिवतो, त्याचे वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ज्याच्या बापजाद्यांनी गावाला पिढ्यान्‌पिढ्या पायताण पुरवले, त्याच्या हाताला कलावंताचा हात म्हणायला अजून जीभ अडखळते. बुरुडाघरची सुपे पाहा. कामटी किती पातळ काढावी, कडेला कशी वळवावी, धान्य पाखडताना भार कुठे येतो, हे सगळे त्या वस्तूत बसवलेले आहे. तेव्हा कोणाला टोपली विणायला शिकायची हौस असेल, तर त्याने छापील पुस्तक विकत घेण्याआधी बुरूडआळीत जावे, शिकवणाऱ्याला 'अहो' म्हणावे आणि शिकवल्याबद्दल शिक्षकाचा मोबदला द्यावा.

शेवटी जो मुद्दा मांडल्याशिवाय आम्हाला या व्यासपीठावरून उतरता येणार नाही, तो असा. 'छंद' आणि 'फावला वेळ' हे दोन्ही शब्द गोड आहेत आणि म्हणूनच ते मजुरी बुडवायला फार उपयोगी पडतात. एका शहरात घरी काम करणाऱ्या बायकांच्या दरासाठी आम्ही एका कंत्राटदाराकडे गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "अहो, या काही कामगार नाहीत. घरबसल्या हौस म्हणून करतात. दुपारचा वेळ जातो बिचाऱ्यांचा." त्या बायकांचा दुपारचा वेळ सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दहाला संपत होता.

हे एका कंत्राटदाराचे वेड नव्हे. आंध्रातील नरसापूर भागात मिशनऱ्यांनी आणलेले लेसचे विणकाम हजारो स्त्रिया घरी करतात आणि तो माल परदेशी जातो. मारिया मीस या विदुषीने त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिले. दिवसाचे सहा-आठ तास लेस विणणारी बाई व्यापाऱ्याच्या हिशेबी केवळ गृहिणी, आणि तिचे काम म्हणजे मोकळ्या वेळातली करमणूक. गृहिणी म्हटले की मजुरी हवी तितकी खाली आणता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे सोलापुरात आणि सिन्नरला विडी घरोघर वळली गेली. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू; हजार विड्यांमागे दर, आणि त्यातूनही मोजून घेणारा मूठ-दोन मूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढणार. त्यांच्यासाठी १९६६ साली विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा कुठे घरात बसून काम करणारी बाईही कामगारच, हे कागदावर आले. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना स्थापली. गिरणीतल्या चिंध्यांपासून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका पुढे तिने संघटित केल्या. म्हणजे आपण मघाशी ज्या गोधडीचा हिशेब केला, तीच चिंधी आणि तीच सुई. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९९६ साली घरकामगारांसाठी करार संमत केला, त्यामागे अशा बायकांच्या संघटनांचे श्रम होते.

छंद आणि मजुरी यांतली रेघ कुठे ओढावी? आमची कसोटी सोपी आहे. उद्या हे काम केले नाही तर काय होईल, असे त्या बाईला विचारावे. काही होणार नाही, असे उत्तर आले तर तो छंद. चूल पेटणार नाही, असे आले तर ती मजुरी. मग ते काम कितीही नाजूक, कितीही रंगीत असो, त्याला दर ठरला पाहिजे, तासांचा हिशेब लागला पाहिजे आणि डोळे गेले, पाठ गेली तर भरपाई मिळाली पाहिजे. ज्यांना हस्तकला शिकून चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांना आम्ही नाउमेद करीत नाही. फक्त पहिली वस्तू विकण्याआधी किती तास लागले ते एका वहीत लिहावे आणि किंमत सांगताना ती वही जवळ ठेवावी. शेजारणी-पाजारणी मिळून असे काम करणार असतील तर दर सगळ्यांनी मिळून एकच ठरवावा. एकीने आठ आणे कमी घेतले, की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचा दर आठ आण्यांनी उतरतो. हा अनुभव गिरणीच्या दारातला आणि सुईच्या टोकावरचा सारखाच आहे.

वेळ झाला आहे. दाराजवळच्या टेबलावर आम्ही तीन पुस्तके ठेवली आहेत. एक मोडलेले, एक शिवून झालेले पण पुठ्ठे न लावलेले, आणि एक पूर्ण बांधलेले. शेजारी एक वाकळ आहे. तिचा एक कोपरा मुद्दाम उसवून ठेवला आहे, आतले थर हात घालून मोजता येतील. सुई आणि दोरा तिथेच आहे. ज्यांना टाके घालून पाहायचे असतील त्यांनी पाहावेत, पण मिनिटाला किती पडले ते मात्र घड्याळ लावून मोजावे.